डोलकाठीच्या तारा आणि संडासाचं दार

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून लॉग. कॅप्टनने लॉग ठेवायचा असतो. बोट अजून जमिनीवर, यार्डात, टेकूंवर उभी आहे, हा मुद्दा गौण.

निश्चय: या शिडाच्या बोटीचं सगळं काम आम्ही नवरा-बायकोच करणार. सुतार, मिस्त्री, इलेक्ट्रिशियन, कुणाचाही पाय बोटीला लागणार नाही. दुसऱ्याच्या हातांनी दुरुस्त केलेल्या बोटीतून समुद्रावर जाणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवणं.

मुदत: १२ एप्रिल. त्या दिवशी मोठी भरती आणि त्याच दिवशी क्रेन. ज्याची बोट तयार नसेल ती वर्षभर टेकूंवरच राहणार.

प्लॅन: किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला, बेटांपर्यंत. तीन महिने. फक्त आम्ही दोघं.

ही तयार आहे. एकच अट घातली. बोटीवरच्या संडासाला दार हवं आणि ते बंद व्हायला हवं. आधीचा मालक एकटाच राहायचा, त्याने दार काढून तिथे ओले कपडे टांगायला खिळे ठोकले होते. अट ऐकून मला हसू आलं. बत्तीस वर्षं लिफ्ट-इन्स्पेक्टर होतो. किती दारं माझ्या सहीने बंद झाली असतील. ही म्हणाली, हसू नका, दार नाही तर मी नाही. बरं. दार: दोन दिवसांचं काम.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामाची वाटणी केली. किरकोळ कामं हिच्याकडे: इंजिन, पाण्याचा पंप, वायरिंग, तळाचा रंग. मुख्य काम माझ्याकडे: दार. शिवाय सर्वसाधारण देखरेख.

ही शाळेत गाणं शिकवायची. रिटायर झाल्यापासून हाताला काही काम हवंच होतं. जेवताना इंजिनचं मॅन्युअल वाचत होती. वाचू दे. उत्साह आहे तोवर बरं.

लाकूड बघायला गेलो होतो. एकही फळी पसंत पडली नाही. हल्लीच्या लाकडात दम नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणे आले. हिचे थोरले भाऊ. फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक लाकडी वस्तूबद्दल त्यांना मत आहे. बोटीवर चढले, संडासाच्या रिकाम्या चौकटीत उभे राहिले, चौकटीवर टिचकी मारली. म्हणाले, माझा सुतार पाठवतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी म्हणालो, सुताराचा पाय या बोटीला लागणार नाही. ते म्हणाले, बरं. त्यांचं 'बरं' मला लग्नापासून आवडत नाही.

जाता जाता हिला सांगितलं की एप्रिलपासून ते आणि वहिनी तीन महिने तळ्याकाठच्या बंगल्यावर राहायला जाणार आहेत. एक खोली रिकामी आहे. तिला स्वतंत्र बाथरूम आहे. 'स्वतंत्र' दोनदा म्हणाले. ही म्हणाली, दाराचं काय होतंय बघते, मग कळवते.

म्हणजे आता हा इज्जतीचा सवाल झाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दार झालं!

लाकूड घरातच मिळालं. बेडरूमच्या कपाटाचं डावं दार. वाळलेलं, मुरलेलं, भरवशाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कपाट आता अर्धं उघडं दिसतं, पण कपडे शोधायला उलट सोपं. हिने फार काही म्हटलं नाही. उजव्या दारावर हात ठेवून "हे राहू द्या" एवढंच म्हणाली.

दुपारी बोटीवर बसवलं. बिजागऱ्या, कडी, सगळं माझ्या हातचं. एका बोटाने ढकललं, बंद झालं. हिला बोलावलं. खाली तळ रंगवत होती, कोपरापर्यंत निळी. आत गेली, कडी लावली, उगाचच थोडा वेळ आत थांबली. बाहेर आली तेव्हा चेहरा खुलला होता. तसा चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं.

दार: पूर्ण. मेहुण्यांना फोन करून तब्येतीची चौकशी केली. ओघात दाराचंही सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुख्य काम संपल्याने मोकळा आहे. हिला इंजिनमध्ये मदत देऊ केली. नको म्हणाली, दोनदा.

मग नजर वर गेली. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा. हाताने ओढून पाहिल्या तर चक्क हलल्या. लिफ्टमध्ये सैल तार म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मोठा पाना घेतला आणि डाव्या बाजूच्या तारा आवळल्या. उजवीकडे ऊन होतं. त्या नंतर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उजव्या तारा आवळायला गेलो तर त्या घट्टच निघाल्या. डाव्यांपेक्षाही घट्ट. म्हणजे मंगळवारी डाव्या मी पुरेशा आवळल्या नव्हत्या. स्वतःच्या कामात खोट काढायला मन मोठं लागतं. डाव्या पुन्हा आवळल्या, या वेळी जोर लावून.

जेवताना ही सांगत होती की एका बाजूच्या तारा वरच्या सुरात वाजत होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या खालच्या, ते ऐकवेना, म्हणून तिने दोन्ही बाजू एका सुरात लावल्या. तिचं आपलं गाणं. मी दाराला मूठ कसली बसवावी याचा विचार करत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दार अडकतंय. वरच्या कोपऱ्यात. कारण उघड आहे. समुद्राची हवा. लाकूड फुगतं. बेडरूममध्ये आयुष्य गेलेल्या लाकडाला ही सवय नाही. वरून रंधा मारला. बसलं.

दार: पूर्ण. दुसऱ्यांदा.

२ मार्च, रविवार

साप्ताहिक तारतपासणी. डाव्या पुन्हा सैल, म्हणजे उजव्यांच्या मानाने. तार सुरुवातीला ताणते, लिफ्टमध्येही हेच. आवळल्या.

दार पुन्हा अडकलं. आता खालच्या कोपऱ्यातही. मी म्हणालो, दमट हवा. ही म्हणाली, कसली दमट, गॅलरीत कपडे तासाभरात वाळतायत. कपडे वेगळे, लाकूड वेगळं. प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा नसतो. रंधा.

६ मार्च, गुरुवार

दाराची अंतर्गत पाहणी केली.

म्हणजे आत जाऊन दार बंद केलं. छान बंद झालं. मग उघडेना. खांदा लावला, पाय लावला, शेवटी समजुतीने घेऊन पाहिलं. वर डेकवर ही होती. तिची पावलं ऐकू येत होती, मग 'टुंग', मग पान्याची करकर, मग पुन्हा 'टुंग', आधीपेक्षा वरचा. प्रत्येक टुंगनंतर दार आणखी घट्ट होतंय असं वाटायला लागलं. कोंडलेल्या माणसाला काहीही वाटतं. हाका मारल्या. ही म्हणाली, एक मिनिट थांबा, सूर आत्ता हातात आलाय.

छताच्या झरोक्यातून माझा हात बाहेर गेला, डोकं जाईना. शेवटी तिने वरून स्क्रूड्रायव्हर दिला आणि मी आतल्या बाजूने बिजागऱ्या खोलून दारासकट बाहेर पडलो. एक सिद्ध झालं. आत बसलेला माणूस अत्यंत सुरक्षित आहे.

पाना कशाला हवा होता, हे हिला विचारायचं राहून गेलं. दाराला तिन्ही बाजूंनी रंधा.

९ मार्च, रविवार

मेहुणे आले. केबिनभर लाकडाचा भुसा, मी घामाघूम, दार हातात. बघत उभे राहिले आणि म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं.  मी काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि चौकटीच्या कोपऱ्याला लावून दाखवला. चौकट वाकडी! चांगली बोटभर. अंगण खरोखरच वाकडं आहे, हे इतिहासात पहिल्यांदाच पुराव्यानिशी सिद्ध झालं असेल. मेहुणे खाली वाकून बघत राहिले. 

तेव्हा निदान फायनल. बोट कारखान्यातूनच वाकडी आली आहे. आता दारही त्याच मापाने वाकडं करायचं. अंगण वाकडं तर वाकडं नाचू, पण नाचू.

संध्याकाळी मात्र सगळं बिनसलं. मेहुणे बंगल्याचे फोटो ठेवून गेले होते. ही चष्मा लावून एकेक बघत होती. मी म्हणालो, छत्तीस वर्षं झाली लग्नाला, आपल्यात लपवायचं काय उरलंय, एका दाराचं एवढं काय घेऊन बसलीस. तिने चष्मा काढला.

"घरच्या संडासाची कडी तुटून अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी एक पाय दाराला लावून बसते. पाहुणे असले की दोन्ही. समुद्रावर मी पाय लावणार नाही."

मी म्हणालो, कडीचं माझ्या डोक्यात आहे. ती म्हणाली, तिथेच आहे ती अकरा वर्षं. मी आठवण करून दिली की घरात सुतार बोलवायचा नाही, हे आपलं दोघांचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं, ती हजर होती.

ती झोपायला गेली. फोटो टेबलावरच होते. ती तळ्याकाठी आणि मी समुद्रावर, तीन महिने, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. तिच्याशिवाय मला जायचंच नाही. इंजिनही तिलाच कळतं, पण ते कारण नाही.

घरची कडी उद्याच लावून टाकावी असं मनात आलं होतं. पण एका वेळी एकच दार. कामाला शिस्त हवी.

१६ मार्च, रविवार

हिची किरकोळ कामं संपली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. पंप पाणी ओढतो. बटण दाबलं की दिवा लागतो, आणि ज्याचं बटण दाबलं तोच लागतो. शेजारच्या बोटीवरचे लोक हिला बोलावून घेऊन गेले, त्यांचा पंप बघायला. मला कुणी दाराबद्दल विचारलं नाही. दाराचं महत्त्व लोकांना ते नसलं की कळतं.

चौकटीची आतली पट्टी छिन्नीने काढून टाकली, दार तिच्यावर आपटत होतं. कडीचं भोक नव्या जागी पाडलं. जुनं बुजवलं. त्याआधीचंही बुजवलं.

२३ मार्च, रविवार

तारा आता पूर्ण पक्क्या. पाना हाताने फिरेना, तेव्हा त्याला लोखंडी पाइप लावून फिरवला. वारा आला की शिट्टी वाजते. यार्डातल्या लोकांनी तक्रार केली. ज्यांच्या तारा मुक्या आहेत त्यांना खुपणारच.

हीसुद्धा खूश आहे. दोन्ही बाजू आता तंतोतंत एका सुरात आहेत आणि इतका वरचा, स्वच्छ सूर तिने शाळेत कुठल्याही मुलीच्या गळ्यातून ऐकला नाही म्हणे. आम्ही दोघं डेकवर बसून तारांची शिट्टी ऐकत चहा प्यायलो. बऱ्याच दिवसांनी असे बसलो. ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती.

३० मार्च, रविवार

आजची नोंद ठळक अक्षरांत.

दार चौकटीत असं बसलंय की मध्ये कागद जाणार नाही. आकार जरा वेगळा आहे, वर अरुंद, खाली तिरकं, एका कोपऱ्यात पोट. टेबलावर ठेवलं तर कुणी दार म्हणणार नाही. पण चौकटीत बसलं की दाराला जोड नाही. कडी 'टक्' करून लागते. हिने पाच-सहा वेळा लावली, काढली, आतून टकटक केली, मी बाहेरून टकटक केली. मग तिने माझ्यासमोर मेहुण्यांना फोन केला आणि सांगितलं, खोली दुसऱ्या कुणाला द्या, मी यांच्याबरोबर चाललेय.

मी पाठमोरा उभा राहून समुद्राकडे बघत होतो. डोळ्यांत भुसा गेला होता.

५ एप्रिल, शनिवार

विजयी माणसाने उदार असावं. मेहुण्यांना बोट पाण्यात उतरताना बघायला यायचं आमंत्रण दिलं. वहिनींनाही. त्यांनी विचारलं, सुतार आणू का. मस्करी असावी. मी मनापासून हसलो.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी. पाणी चढतंय. क्रेन आली. मेहुणे आणि वहिनी आले, पांढरे बूट घालून.

क्रेनवाला म्हणतो, तारा सैल करा. मागची तार मध्ये येते, ती काढायची, आणि बाजूच्या सैल सोडायच्या, त्याशिवाय बोट उचलायचे पट्टे लागणार नाहीत. मी ठाम विरोध केला. सैल तारेवर काहीही उचलायचं नसतं, हे बत्तीस वर्षांच्या सर्व्हिसचा दाखला देऊन सांगितलं. तो म्हणाला, तुमची लिफ्ट नाही उचलत, बोट उचलतोय, आणि मागे लाइन लागलीय. ही म्हणाली, अहो, करा की सैल.

दुपारी.

केल्या. पाइप लावूनच उलट फिरवाव्या लागल्या. शेवटच्या फेऱ्याला बोटीच्या पोटातून 'कड्ड' असा मोठा आवाज आला आणि सगळी बोट हलकेच हलली.

खाली गेलो. दार उघडं होतं. बंद केलं. ते चौकटीतून पलीकडे आत गेलं आणि परत बाहेर आलं. वरच्या बाजूला दोन बोटांची फट, कडीच्या बाजूला तीन. कडी आणि तिचं भोक एकमेकांच्या जवळपासही नाहीत. चौकटीला गुण्या लावला. सरळ. काटकोन. असा काटकोन मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

मेहुण्यांनी फटीत बोट घातलं. मग पंजा. मग काढून घेतला. 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

ही वर गेली. उजवीकडची सैल तार तिने बोटाने छेडली. धप्प असा आवाज आला.

"मी उजव्या चढवत होते," ती म्हणाली. "डाव्या सारख्या वर जात होत्या म्हणून."

"मी डाव्या आवळत होतो," मी म्हणालो. "उजव्या सारख्या घट्ट होत होत्या म्हणून."

आम्ही दोघं डोलकाठीकडे बघत राहिलो. दोन महिने तारा आवळून आवळून आम्ही अख्खी बोट वाकवली होती आणि मी त्या वाकलेल्या बोटीच्या मापाने दार तासत बसलो होतो. तांत्रिकदृष्ट्या ही संयुक्त चूक आहे. रंधा एकट्याचा असला तरी.

क्रेनवाल्याने विचारलं, उचलायची की राहू द्यायची.  ही म्हणाली, उचला.

बोट पाण्यात उतरली. सरळ तरंगली. आत थेंब आला नाही. ही मेहुण्यांच्या गाडीत बसून घरी गेली.

१३ एप्रिल, रविवार

मी असा खचणारा नाही. उपाय साधा आहे आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागल्यामुळे सुचला. तारा पुन्हा तेवढ्याच आवळायच्या. बोट पुन्हा वाकेल. दार बसेल. दार चुकीचं नाही, बोट चुकीच्या स्थितीत आहे.

पाना काढला. तेवढ्यात ही आली. तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पाना मागून घेतला आणि तो पाण्यात पडला. म्हणजे तिने टाकला. पाइपही.

मेहुण्यांनी खोली कुणाला दिलेली नाही म्हणे. ते सगळं कुटुंबच असं दूरदृष्टीचं आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

ही बॅग भरतेय. अर्ध्या उघड्या कपाटापुढे उभी राहून एकेक कपडा काढते. कुठली बॅग, कुठे जायची, मी विचारलं नाही. शनिवारी मेहुण्यांची गाडी निघणार आहे, एवढं माहीत आहे.

आजची दुसरी नोंद. ही लिहायला जरा वेळ लागला. मी मेहुण्यांना फोन केला. सुतार मागितला. सरळ शब्दांत मागितला, आढेवेढे न घेता.  ते म्हणाले, सुतार इथे नाही, बंगल्यावर पाठवलाय, तिथल्या बाथरूमचं दार लागत नाहीये.

कोणत्या बाथरूमचं, विचारलं. स्वतंत्र, म्हणाले.

फोन ठेवून मी खोलीत एकट्याने हसलो. हे हिला सांगायचं नाही, असं ठरवलं. माणूस आपल्याकडे ओढायला दुसऱ्याच्या दाराची बदनामी करणं माझ्या स्वभावात नाही. मग लगेच सांगायला गेलो. तिला कालच माहीत होतं. तरी बॅग भरणं चालूच.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळपासून बोटीवर बसून होतो. एकटा जायची मानसिक तयारी केली. इंजिन सुरू करून पाहिलं. झालं नाही. शिडावर जाता येतं.

यार्डाच्या फाटकाशी मेहुण्यांची गाडी थांबली. ही उतरली, बॅग घेऊन. गाडी निघून गेली. धक्क्यावरून चालत आली, बॅग माझ्या हातात दिली, बोटीत उतरली आणि इंजिन सुरू केलं. पहिल्या फटक्याला.

मी म्हणालो, दार तर नाही. ती म्हणाली, नाही.

"तळ मी रंगवलाय, पंप मी जोडलाय," ती म्हणाली. "मी का म्हणून तळ्याकाठी बसू? मी जाणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर माझी अट ऐका."

छत्तीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं, यायचंय का म्हणून. मी म्हणालो, यायचंय. अट न ऐकताच म्हणालो. व्यवहारात हे बरोबर नाही, पण घाईत तसंच तोंडातून निघालं.

२० एप्रिल, रविवार

प्रस्थान झालं. दक्षिण मोहिमेचा पहिला मुक्काम यार्डाच्या बरोबर समोर, खाडीच्या पलीकडे. नांगर टाकला आहे. इथून आमच्या बिल्डिंगची गच्ची दिसते, शेजाऱ्यांनी वाळत घातलेल्या चादरीही दिसतात. आठ दिवस इथेच राहून बघायचं आणि मग बेटांचं ठरवायचं, असं ठरलं. म्हणजे हिने ठरवलं, मी हजर होतो.

आता अट. ही संडासात असेल तेवढा वेळ मी बोटीच्या पुढच्या टोकावर बसायचं. तोंड समुद्राकडे. आणि मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं, म्हणजे मी तिथेच आहे हे तिला आतून कळेल. आवाज जवळ आला तर ती त्याच दिवशी इंजिन सुरू करून बोट परत फिरवणार आहे. हा पराभव नाही. दार हे लाकडाचंच असायला हवं असा कुठेही नियम नाही. आणि कॅप्टनची जागा पुढे असणं योग्यच आहे.

आज सकाळी पहिल्यांदा बसलो. गाणं मला एकही पूर्ण येत नाही, म्हणून पाढे म्हटले. बाजूने मासेमारीची बोट गेली, त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. अकरा, बारा, तेरा दणक्यात झाले. सतराला आलो आणि सतरा आठेपाशी गाडी अडली. काही केल्या आठवेना.

आतून घाबरलेला आवाज आला. "अहो? कुठे आहात?"

"इथेच आहे," मी म्हणालो.

"मग म्हणा की."

सतरा एके सतरापासून पुन्हा सुरुवात केली.